पार्कातून टेकडीवर : योकोहामाच्या परदेशी क्लबची एक केस

जपानात योकोहामाला कन्नाई स्टेशनवर उतरलं की जवळच बेसबॉलचं मोठं स्टेडियम लागतं, योकोहामा स्टेडियम, बेस्टार्स टीमचं होम ग्राउंड. २०२१ ला झालेल्या ऑलिम्पिकमध्ये जपाननं अमेरिकेला २-० हरवून बेसबॉलचं गोल्ड घेतलं ते इथंच, आणि २०२४ ला बेस्टार्सनी जपान सिरीज (जपानच्या प्रो बेसबॉलची फायनल) जिंकली तीपण इथंच. पण हे स्टेडियम ज्या पार्कात उभं आहे त्याच्या मधोमध सव्वाशे वर्षांपूर्वी क्रिकेटचं मैदान होतं आणि ते मुख्यतः वापरायचे शहरात राहणारे परदेशी लोक, चहा-रेशमाचे व्यापारी, बँकवाले, जहाज कंपन्यांचे एजंट, आजच्या भाषेत एक्स्पॅट. १९०९ च्या सुमारास त्यांच्या क्लबला ही जागा सोडावी लागली आणि १९१२ ला क्लब शहराच्या कडेला, यागुचिदाईच्या टेकडीवर गेला. आजही तिथंच आहे. नाव योकोहामा कंट्री अँड ॲथलेटिक क्लब, सगळे म्हणतात वायसी अँड एसी.

अशा केसेस जगभर आहेत, दुबईचा एक्साइल्स रग्बी क्लबसुद्धा अल अवीर रोडची जुनी जागा सोडून २००८ च्या आसपास वाळवंटात द सेव्हन्सला गेला. पण योकोहामाची केस मी निवडली कारण इथं शंभर वर्षांचा रिझल्ट आपल्यासमोर आहे, क्लबचं पुढं काय झालं आणि सोडलेल्या जागेचं काय झालं हे दोन्ही बघता येतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: क्लबचं मैदान परदेशी वसाहतीच्या करारावर उभं होतं, मालकीवर नाही, त्यामुळं वसाहतीचा करार गेला तसं मैदान जाणारच होतं. बाहेर गेल्यामुळं क्लब वाचला. पण शहराच्या खेळात त्याचं जे वजन होतं ते पार्कातच राहिलं.

जागा आली कुठून

योकोहामा बंदर १८५९ ला परदेशी व्यापाराला उघडलं. त्याआधी तिथं मासेमारीचं छोटं गाव होतं. व्यापाराच्या करारात खरं तर कानागावा हे नाव होतं, पण कानागावा पडलं तोकाइदो या मुख्य हायवेवर, आणि गोरे लोक हायवेवर नकोत म्हणून शोगुनच्या (तेव्हाच्या जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारनं त्यांना खाडीच्या पलीकडं योकोहामाला बसवलं. म्हणजे बघा, सुरुवातच मुळात 'तुम्ही जरा तिकडं बाजूला राहा' अशी आहे.

वातावरण गरम होतं. १८६२ ला नामामुगी गावाजवळ सात्सुमा या जहागिरीच्या सामुराईंनी रिचर्डसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला कापलं, त्यावरून भरपाईचं भांडण युद्धापर्यंत गेलं. आणि याच टेन्शनमध्ये १८६३ ला योकोहामात क्रिकेटची मॅच झाली, ब्रिटिश नेव्हीवाले विरुद्ध गावातले व्यापारी, जपानातली ही पहिली क्रिकेट मॅच मानतात, आणि काही प्लेअर कमरेला रिव्हॉल्व्हर लावून खेळले म्हणे. १८६६ ला फुटबॉल क्लब निघाला (तेव्हाचं फुटबॉल म्हणजे रग्बी टाइपचं), आणि १८६८ ला जे. पी. मॉलिसन या स्कॉटिश व्यापाऱ्यानं पुढाकार घेऊन क्रिकेट क्लब काढला. आपल्या वायसी अँड एसीचा जन्म तो.

आता मैदानाचं. परदेशी वस्तीच्या मागं दलदल भरून काढलेल्या जमिनीवर मियोझाकी नावाची गणिकांची वस्ती होती, त्यातलं गांकिरो हे घर सगळ्यात फेमस. १८६६ च्या नोव्हेंबरमध्ये डुकराच्या मटणाच्या एका दुकानाकडून आग लागली आणि ती वस्ती तर गेलीच, पण परदेशी वसाहतीचा आणि जपानी शहराचाही मोठा भाग जळाला. त्यानंतर साधारण महिनाभरात परदेशी राजदूत आणि शोगुनचं सरकार यांच्यात करार झाला की पुन्हा असं होऊ नये म्हणून रस्ते रुंद करायचे आणि जळालेल्या मियोझाकीच्या जागी पार्क करायचं, आणि ते पार्क परदेशी आणि जपानी दोघांसाठी. हे 'दोघांसाठी' लक्षात ठेवा, पुढं सगळं यावर येतं.

काम केलं रिचर्ड हेन्री ब्रन्टननं, जपानचे दीपगृह बांधणारा स्कॉटिश इंजिनिअर. त्यानं पार्कापासून बंदराकडं निहोन ओदोरी नावाचा प्रचंड रुंद रस्ता काढला, आग एका बाजूची दुसरीकडं जाऊ नये म्हणून. रस्त्याच्या एका अंगाला परदेशी वस्ती, दुसऱ्या अंगाला जपानी शहर, आणि टोकाला पार्क. १८७६ ला पार्क उघडलं आणि मधलं मैदान क्रिकेट क्लबच्या हातात आलं. १८८४ ला क्रिकेट, फुटबॉल, बेसबॉल आणि ॲथलेटिक्सवाले सगळे एकत्र आले आणि योकोहामा क्रिकेट अँड ॲथलेटिक क्लब झाला.

तर कागदावर पार्क दोघांचं, लोकेशन बरोब्बर दोन्ही वस्त्यांच्या सीमेवर, आणि प्रत्यक्षात मधला सगळ्यात चांगला तुकडा एका क्लबकडं. जपानी लोक कडेनं फिरणार, मॅच बघणार. ही सोय जोपर्यंत वसाहतीला वेगळे कायदे होते तोपर्यंत चालली, कारण परदेश्यांवर जपानी कोर्टाचा अधिकारच नव्हता, सगळं त्यांच्या त्यांच्या देशाच्या कॉन्सुलच्या हातात.

ज्यांच्याशी खेळायचं नाही म्हटलं

या केसमधला माझा सगळ्यात आवडता भाग हा आहे म्हणून जरा थांबतो. टोकियोच्या फर्स्ट हायर स्कूलची, इचिकोची, पोरं बेसबॉलमध्ये तयार झाली होती. त्यांनी योकोहामाच्या क्लबला मॅचसाठी वर्षानुवर्षं निरोप पाठवले आणि क्लब टाळत राहिला, बेसबॉल हा आमचा नॅशनल गेम, तुम्ही काय खेळणार, असा सूर. शेवटी २३ मे १८९६ ला मॅच झाली, पार्कातल्या मैदानावर. सुरुवातीला पोरांची टिंगल झाली. स्कोअर: इचिको २९, क्लब ४.

क्लबवाल्यांना काय वाटलं असेल ते सोडा, ५ जूनला परत मॅच, यावेळी बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकांवरचे खेळाडू टीममध्ये घेतले. ३२-९, पुन्हा इचिको. २७ जूनला 'डेट्रॉइट' जहाजाच्या टीमशी टोकियोत, २२-६, पुन्हा तेच. मग ४ जुलैला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, 'ऑलिम्पिया' जहाजाचे चांगले प्लेअर आणून अमेरिकनांनी एकदाची १४-१२ नं मॅच काढली. पेपरांनी हे सगळं डोक्यावर घेतलं, आणि बेसबॉल जपानी शाळा-कॉलेजांचा खेळ झाला त्यात या महिन्याचा मोठा वाटा आहे.

पाच वर्षांनी रग्बी. केइओ युनिव्हर्सिटीत एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क इंग्रजी शिकवायचा, हा स्वतः योकोहामातच जन्मलेला, बाप बेकरीवाला, केंब्रिजला शिकून परत आलेला. त्यानं आणि केंब्रिजलाच शिकलेल्या तानाका गिन्नोसुकेनं १८९९ ला केइओच्या पोरांना रग्बी शिकवलं. ७ डिसेंबर १९०१ ला केइओ क्लबशी खेळायला पार्कात आले आणि ३५-५ नं हरले. फुटबॉलमध्ये ६ फेब्रुवारी १९०४ ला टोकियो हायर नॉर्मल स्कूल आलं, म्हणजे शिक्षक तयार करणारं कॉलेज, तेही ९-० नं हरलं. हरले तरी हेच विद्यार्थी शिक्षक होऊन गावोगाव गेले आणि फुटबॉल घेऊन गेले.

म्हणजे साधारण आठ वर्षांत तीन खेळ या एका मैदानावरून जपानी कॉलेजांच्या हातात गेले. क्लबनं कुठलाही प्रचार वगैरे ठरवून केला नाही, उलट पहिल्यांदा तर दारच लावलं होतं. पण मैदान शहराच्या मध्यात होतं, टोकियोहून रेल्वेनं येता यायचं (शिम्बाशी ते योकोहामा लाइन १८७२ पासून), आणि चांगली परदेशी टीम हवी तर इथंच यावं लागायचं. हे लोकेशनचं वजन. मुंबईत काय कमी झालं, बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्यांनी पारशांना एस्प्लनेडच्या मैदानावर पोलोसाठी जागा अडवून किती त्रास दिला, आणि त्याच पारशांनी १८८९ च्या आसपास त्यांनाच हरवलं. फरक एवढाच की मुंबईत राज्यच गोऱ्यांचं होतं, योकोहामात नव्हतं.

१८९९

१८९४ ला ब्रिटन आणि जपाननं नवा करार केला, बाकी देशही मागून आले, आणि १७ जुलै १८९९ पासून परदेशी वसाहती बंद. परदेशी माणूस आता जपानच्या कायद्याखाली, आणि बदल्यात त्याला देशभर राहायला-फिरायला परवानगी.

इथं एक बारीक मुद्दा आहे जो मला या केसचा खरा गाभा वाटतो. वसाहतीतल्या खाजगी प्लॉटना 'कायमचा भाडेपट्टा' असं स्टेटस होतं आणि नव्या करारांनी ते पट्टे तसेच ठेवले. एवढे पक्के ठेवले की जपाननं त्या प्लॉटवरच्या घरांना टॅक्स लावायला बघितलं तेव्हा ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी हेगच्या कोर्टात गेले आणि २२ मे १९०५ ला जपान केस हरला. हे पट्टे शेवटी १९४२ ला गेले! म्हणजे ज्याच्याकडं प्लॉटचा कागद होता त्या व्यापाऱ्याचं गोडाऊन चाळीस वर्षं कुणी हलवू शकलं नाही. आणि क्लबचं मैदान? ते पार्क होतं. प्लॉट नव्हता. पार्क शहराचं झालं, आणि १८६६ च्या त्या करारातल्या 'दोघांसाठी' वर शहरानं बोट ठेवलं की क्लबकडं बोलायला काही उरत नव्हतं.

क्लबच्या जागी बसून बघा, रस्ते कुठले? एक, पार्कातच राहायचं पण शहर देईल त्या दिवशी, शहर देईल त्या वेळेत, सगळ्यांसारखं. दोन, कॉन्सुलमार्फत भांडायचं, पण प्लॉटचा टॅक्स आणि पार्कातलं मैदान यात परराष्ट्र खातं कशासाठी भांडेल हे उघड आहे. तीन, निघायचं. वरवर तिसरा रस्ता हार वाटतो. मला नाही वाटत. पहिला रस्ता धरला असता तर क्लबचा खेळ शहराच्या टाइमटेबलवर चालला असता आणि हळूहळू क्लब म्हणजे फक्त एक टीम उरली असती.

कडेला म्हणजे कुठं

यागुचिदाई नकाशावर पार्कापासून दक्षिणेला तीनेक किलोमीटर. तेव्हा हे शहराचं टोक. पण मध्ये काय आहे ते बघा, मध्ये आहे यामाते, इंग्रजीत ब्लफ, म्हणजे तो उंच भाग जिथं १८६७ पासून परदेशी लोक बंगले बांधून राहायला लागले होते. खाली कन्नाईत ऑफिस, वर ब्लफवर घर, पलीकडं नेगिशीला १८६६ पासूनचा रेसकोर्स. म्हणजे क्लब ऑफिसपासून लांब गेला पण घराजवळ आला! 'शहराबाहेर हाकललं' असं जे चित्र डोळ्यासमोर येतं ते शहरातून बघितलं तर बरोबर, मेंबरच्या घराच्या गच्चीवरून बघितलं तर तेवढं नाही. शिवाय १९११ ला टेकडीखालून बोगदा काढून होनमोकूकडं ट्राम सुरू झाली होती, त्यामुळं पायी टेकडी चढण्याची सक्ती राहिली नाही.

नवीन जागेवर नाव बदलून क्रिकेटच्या जागी कंट्री आलं, आद्याक्षरं तीच राहिली. टोपीवरचं, ट्रॉफीवरचं काही बदलायला लागलं नाही, हुशार लोक. आणि नावातला बदल खराही होता, आता तो क्रिकेटच्या पिचभोवतीचा क्लब न राहता फॅमिली घेऊन जायचा क्लब झाला, आणि क्रिकेटवर जगणारा क्लब जपानात किती वर्षं टिकला असता सांगा.

ज्यांना असं शिफ्टिंग करायची वेळ येते त्यांनी मैदान किती एकर मिळतंय याच्या आधी हे तपासावं असं मला वाटतं, मेंबर संध्याकाळी सहाला आणि शनिवारी सकाळी नक्की कुठं असतो. क्लब एकतर वीकडेला ऑफिसनंतरचा असतो किंवा वीकेंडला फॅमिलीचा असतो. दुसरा प्रकार बाहेर जाऊन जगतो. पहिला बहुतेक मरतो.

पार्कात मागं काय राहिलं

पार्क शहरानं नव्यानं केलं. मग १ सप्टेंबर १९२३, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कांतो भूकंप. योकोहामा जवळजवळ सपाट झालं, नंतर आग. हजारो लोक पळून या पार्कात आले, फुटलेल्या पाइपांचं पाणी साचून जमीन ओली झाली होती म्हणून वाचले. परदेशी व्यापारी मोठ्या संख्येनं कोबेला गेले, त्यात आपले भारतीय रेशीमवालेही होते. योकोहामानं त्या काळात भारतीयांना जी मदत केली तिच्या आभारासाठी आणि मेलेल्यांच्या आठवणीसाठी भारतीय व्यापाऱ्यांनी दिलेला पाण्याचा कारंजा यामाशिता पार्कात आहे, १९३० च्या दशकातला, घुमट बघितला की लगेच कळतं कुणी बांधलाय. (योकोहामा आणि मुंबई १९६५ पासून सिस्टर सिटी आहेत, हे किती मुंबईकरांना माहिती आहे कुणास ठाऊक.)

१९२९ ला पार्कात बेसबॉलचं ग्राउंड झालं. १९३४ ला बेब रूथ, लू गेरिग वगैरे अमेरिकन टीम इथं खेळून गेली. युद्धानंतर अमेरिकन सैन्यानं ते ताब्यात घेऊन लू गेरिगचं नाव दिलं आणि १७ ऑगस्ट १९४८ ला जपानच्या प्रो बेसबॉलची पहिली नाइट मॅच इथं दिव्याखाली झाली. १९७८ ला सध्याचं स्टेडियम. म्हणजे क्लबनं मैदान सोडल्यावर तिथं मॉल आला नाही, गाड्यांचं पार्किंग आलं नाही, खेळच राहिला, फक्त ज्यांना 'तुम्ही काय खेळणार' म्हटलं होतं त्यांचा. आणि ती मैदानी जागा पब्लिक राहिली याचं श्रेय मी शहराइतकंच आगीनंतरच्या त्या करारालाही देतो.

टेकडीवर क्लबचंही वाईट चाललं नाही. १९३० पासून जपान सेव्हन्स नावाची सेव्हन-अ-साइड रग्बी टूर्नामेंट क्लब भरवत आलाय आणि जपानी युनिव्हर्सिटी टीम तिथं यायच्या, जपानी रग्बीच्या लोकांना ती माहिती असते. मेंबरमध्ये आज जपानीही भरपूर. १९६४ ला नेगिशी लाइनवर यामाते स्टेशन झालं, कन्नाईपासून दोनच स्टॉप, त्यामुळं 'आउटस्कर्ट' हा शब्दच निकालात निघाला, शहर चालत क्लबपर्यंत पोचलं. पण बेसबॉल, रग्बी, फुटबॉल तिघांच्या जपानी इतिहासात क्लबचं नाव येतं ते १८९६, १९०१, १९०४ ला. १९१२ नंतर तसं मोठं काही नाही. प्रायव्हेट क्लब आहे, गेटच्या आत काय चाललंय हे बाहेरच्याला समजायची गरज पडत नाही.

जो हलला नाही तो

तुलनेसाठी एक दुसरा क्लब घ्यायलाच हवा. ब्लफवरच यामाते पार्क आहे, १८७० चं, जपानातलं पहिलं पाश्चात्त्य धर्तीचं पार्क, आणि ते बनलं तेव्हा फक्त परदेश्यांसाठी होतं, 'दोघांसाठी' वगैरे काही नाही. तिथं १८७८ ला बायकांनी लॉन टेनिस अँड क्रोके क्लब काढला. लॉजिक लावलं तर हा क्लब आधी जायला हवा होता ना, कारण तो जास्त उघडपणे गोऱ्यांचा. पण तो अजून तिथंच आहे, योकोहामा इंटरनॅशनल टेनिस कम्युनिटी या नावानं, आणि शेजारी टेनिसचं छोटं म्युझियमपण झालंय. मला याचं कारण साधं वाटतं. टेनिस कोर्टाला जागा किती लागते, आणि टेकडीवरच्या त्या कोपऱ्याचा शहराला दुसरा उपयोग काय होता. क्रिकेटचं मैदान शहराच्या नाकासमोर, कोर्टं झाडाआड.

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स या दोन्हींच्या मधलं आहे. २११ एकर, टर्फ क्लबची लीज २०१३ ला संपली, आणि दहा-अकरा वर्षं घोळ चालून २०२४ ला तोडगा निघाला की १२० एकर पब्लिक पार्कसाठी आणि ९१ एकर क्लबकडं. क्लब बाहेर गेला नाही, घोडे तिथंच धावणार, मेंबर तिथंच. योकोहामाच्या क्लबला असा अर्धा-अर्धा सौदा कुणी दिला नसता, कारण क्रिकेटचं मैदान कापून अर्धं करता येत नाही आणि त्यांचं पार्क करारानंच 'दोघांसाठी' होतं. रेसकोर्सला संपलेली का होईना, लीज होती म्हणून तर टेबलावर बसता आलं. आता तीस वर्षांच्या नव्या लीजवर टर्फ क्लब बसलाय, आणि तीस वर्षांनी पुन्हा तीच चर्चा होईल तेव्हा उरलेल्या ९१ एकरात किती मेंबर शनिवारी येतात हे कुणीतरी मोजून ठेवलेलं बरं.